अमेरिकी सैन्याची नवी फिटनेस चाचणी: उरलेले २८ गुण कुठून आणायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ३१ वर्षांच्या आहात. अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये कॉम्बॅट इंजिनिअर, म्हणजे १२ बी. आठवडाभर खुर्चीवर बसून करायची नोकरी आणि महिन्यातून एक वीकेंड ड्रिल. नव्या आर्मी फिटनेस टेस्टमध्ये, म्हणजे एएफटीमध्ये, तुमच्या एमओएसला, म्हणजे सैन्यात नेमून दिलेल्या तुमच्या कामाच्या प्रकाराला, किमान ३५० गुण लागणार आहेत आणि तेही पुरुषांच्या गुणतक्त्यावर मोजले जाणार आहेत. सरावाच्या चाचणीत तुम्हाला ३२२ मिळाले: डेडलिफ्ट (जमिनीवरून जड बार उचलणं) ६२, पुश-अप ६४, स्प्रिंट-ड्रॅग-कॅरी (पळणं, स्लेज म्हणजे वजन लादलेली घसरगाडी ओढणं, वजन घेऊन पळणं) ६०, प्लँक (कोपरांवर अंग सरळ ताठ धरून राहणं) ६६, दोन मैल पळणं ७०. त्यानंतर दोन दिवस कंबर धरून बसावं लागलं. हातात सोळा आठवडे आहेत. तुम्ही विचारलंय की डेडलिफ्ट वाढवायला रोज जिमला जाऊ का, कंबर कायमची जायबंदी होईल का, आणि बायकांना पुरुषांच्या तक्त्यावर मोजणं न्याय्य आहे का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली बारा वर्षं सैनिकांच्या पाठी, गुडघे आणि खांदे हेच माझं काम आहे. त्यातली शेवटची काही वर्षं एका ब्रिगेडच्या एच-टू-एफ, म्हणजे सैनिकांच्या आरोग्य आणि तंदुरुस्तीच्या पथकात गेली, जिथे स्ट्रेंग्थ कोच, आहारतज्ज्ञ आणि आम्ही एकाच छताखाली बसतो. तुमचे आकडे वाचून मला जे पहिल्यांदा खटकलं ते डेडलिफ्ट नाही, स्प्रिंट-ड्रॅग-कॅरीचे ६० आहेत. एकूण बेरीज कितीही आली तरी प्रत्येक प्रकारात किमान ६० हवेतच. म्हणजे बाकी चार प्रकारांत मिळून ३०० मिळवलेत आणि स्लेजच्या दिवशी गवत ओलं असल्यामुळे ५९ वर अडकलात, तर नापासच. तुम्ही उंबरठ्यावर उभ्या आहात आणि काळजी मात्र माडीवरच्या खोलीची करताय. आधी तो ६० चा आकडा सुरक्षित करायचा, मग ३५० चा हिशोब.

पुढे जाण्याआधी, जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. तुमची कंबर कुठे आणि कशी दुखली हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही बाजूंचे स्नायू आखडले, वाकताना ओढ लागली आणि दोन-तीन दिवसांत उतरलं, तर खाली लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू आहे. पण कळ ढुंगणातून गुडघ्याखाली उतरत असेल, पावलाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पाय लुळा वाटत असेल, तर बारला हात न लावता आधी डॉक्टर गाठा. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर त्याच तासाला इमर्जन्सीत जा. दुसरी गोष्ट, अलीकडे बाळंतपण झालं असेल तर सैन्याच्या नियमानुसार त्यानंतर ३६५ दिवस नोंदीच्या चाचणीतून सूट आहे, आणि ती पूर्ण वापरा. ओटीपोटाचे स्नायू सावरण्याआधी जड वजन उचलून त्रास घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. डॉक्टरकडून तात्पुरतं प्रोफाइल, म्हणजे काही हालचालींतून सूट देणारा वैद्यकीय दाखला, घेण्यात कमीपणा नाही. दुखणं लपवून चाचणी देणाऱ्यांचंच दुखणं पुढे कायमचं होताना मी जास्त पाहिलंय.

आता हिशोब. तुम्हाला २८ गुण हवेत आणि ते सगळे डेडलिफ्टमधून काढायचा तुमचा बेत आहे. सोळा आठवड्यांत ते सगळ्यात महागडे गुण आहेत. पुरुषांच्या तक्त्यावर डेडलिफ्टचा एकेक गुण म्हणजे बारवर आणखी पाउंड, आणि तुमच्या हाडापेराला ते हळूहळूच जमणार. प्लँकचं तसं नाही. तिथे उंची, वजन, स्त्री-पुरुष याने फारसा फरक पडत नाही, आणि ६६ हा आकडा मला शिकवणीचा अभाव सांगतो, ताकदीचा नाही. माझ्या अंदाजाने प्लँकमध्ये १२, पळण्यात ६, पुश-अपमध्ये ५ आणि स्लेजमध्ये ५ मिळाले की झाले २८. डेडलिफ्ट आहे तिथे राहिली तरी ३५० होतात. पण बरोबर ३५० वर कोणी चाचणीला जाऊ नये, म्हणून डेडलिफ्टमध्येही पाच-सहा गुण वाढवू, फक्त घाई न करता.

प्लँकपासून सुरुवात करते, कारण ते सगळ्यात लवकर सुधारतं. बहुतेक जण रोज घड्याळ लावून, थरथरत, कंबर लोंबेपर्यंत पडून राहतात. त्यातून लोंबायचीच सवय लागते, आणि चाचणीत डोक्यापासून टाचेपर्यंतची रेघ मोडली की प्रयत्न संपतो. त्याऐवजी वीस-वीस सेकंदांचे सहा-सात तुकडे करा, पण प्रत्येक तुकड्यात कोपरं पायांच्या दिशेने ओढल्यासारखी जमिनीत रोवा, मांड्या आवळा, ढुंगण आवळा आणि बरगड्या आत घ्या. नीट केलंत तर वीस सेकंदांत घाम फुटतो. आठवड्यातून एकदाच लांब प्लँक धरायचा. आणि तो ताज्या दमाने धरायचा नाही, कारण चाचणीत प्लँक स्लेजच्या मागोमाग येतो. श्वास फुललेला असतो, हात गळून गेलेले असतात, आणि धापा टाकताना पोट आवळून धरणं हे वेगळंच कसब आहे. म्हणून लांब प्लँकच्या तीनेक मिनिटं आधी दोन वेळा जोरात पळून या. पहिल्या आठवड्यात वेळ एकदम खाली येईल, त्याला घाबरू नका. तीच तुमची चाचणीतली खरी वेळ आहे.

आता स्लेज. पाच फेऱ्या, प्रत्येकी ५० मीटर, म्हणजे २५ मीटर जाऊन परत: आधी पळणं, मग ९० पाउंड लादलेली स्लेज उलट्या पावलांनी ओढणं, मग आडवं, म्हणजे कडेला सरकत, धावणं, मग दोन्ही हातांत ४०-४० पाउंडांच्या केटलबेल घेऊन पळणं, आणि शेवटी पुन्हा पळणं. हलक्या अंगाच्या लोकांची दुसऱ्या फेरीत काय गत होते हे मी बाजूला उभी राहून शेकडो वेळा पाहिलंय. पट्टे हातात घेतले की ते कोपरं वाकवतात आणि दंडांनी ओढायला लागतात. स्लेज हिसक्याने फूटभर सरकते, थांबते, परत हिसका. थांबलेली स्लेज हलवायला चालत्या स्लेजपेक्षा जास्त जोर लागतो, म्हणजे दर हिसक्याला तुम्ही तीच किंमत पुन्हा मोजता. पंधराव्या मीटरला दंड भरून येतात आणि पुढे केटलबेल बोटांतून निसटते.

हात दोरीसारखे सरळ सोडा. बूड खाली, खुर्चीत टेकायच्या बेतात असल्यासारखं, आणि सगळं अंग मागे झुकवा, इतकं की पट्टे सुटले तर पाठीवर पडाल. मग छोटी, भराभर पावलं. ढांगा टाकू नका. तुमचं वजन कमी असेल तर झुकाव हेच तुमचं वजन आहे. २५ मीटरच्या रेषेवर सगळी स्लेज पार जावी लागते, त्यामुळे रेषा आली म्हणून जोर सोडू नका, दोन पावलं पुढपर्यंत ओढा आणि मग वळा. तिसऱ्या फेरीत आडवं धावताना हात मोकळे असतात. तिथे मुठी उघडून बोटं झटका, केटलबेलसाठी पकड परत येते. पहिली फेरी जमिनीवर पालथं पडून सुरू होते. उठायला धडपडणारे तिथेच वेळ घालवतात, म्हणून पालथं पडून उठत पहिली चार पावलं टाकण्याचा वेगळा सराव करा, आठवड्यातून दोनदा, पाच-सहा वेळा. एवढ्यावरही गुण मिळतात.

स्लेज घरी नाही, हे तुम्ही लिहिलंय. जुन्या टायरला दोरी बांधा आणि आत वाळूच्या पिशव्या टाका. केटलबेल नसतील तर पाच गॅलनचे पाण्याचे दोन कॅन भरा. एका गॅलनचं पाणी साधारण सव्वाआठ पाउंड, म्हणजे कॅन चाळीसच्या किंचित वर जातो, आणि आतलं पाणी हिंदकळतं म्हणून पकड जास्तच तयार होते. टायर डांबरावर ओढू नका, गवतावर ओढा. घर्षण सारखं नसेल तर तुमच्या वेळेला अर्थ राहणार नाही.

आता कंबर, ज्याची तुम्हाला खरी धास्ती आहे. डेडलिफ्टने पाठ जाते हे मी रोज ऐकते, आणि ज्या पाठी माझ्याकडे येतात त्यांची कहाणी बहुतेक एकसारखी असते. वर्षभर बारला हात नाही, चाचणीआधी तीन आठवडे धडाका, आणि थंड अंगाने थेट सगळ्यात जड वजन. दिवसाला आठ तास बसणाऱ्या माणसाच्या कंबरेला त्या सकाळी अचानक सांगितलं जातं की उचल. तुमच्या बाबतीतही हेच झालं असावं असा माझा कयास आहे. वजन वाईट नसतं. तयारी नसताना आलेलं वजन वाईट असतं. चाचणीतला हेक्स बार, म्हणजे षटकोनी चौकटीचा बार, तर पाठीला त्यातल्या त्यात सोपा आहे: आपण त्याच्या चौकटीत उभे राहतो, वजन पायांच्या पुढे न राहता दोन्ही बाजूंना राहतं, त्यामुळे सरळ बारच्या मानाने कमी वाकावं लागतं.

एक सार्जंट आठवतो. आडदांड माणूस, २८० पाउंड उचलायचा आणि दर चाचणीनंतर आठवडाभर वाकडा चालायचा. त्याचं म्हणणं की आमच्या घराण्यातच कंबर कच्ची. मी त्याला एका बाजूने पाहिलं. बार हलायच्या आधी त्याचं ढुंगण वर जायचं, गुडघे सरळ व्हायचे, आणि मग सगळं वजन एकट्या कंबरेवर यायचं. खाली आणताना तर तो बार जवळजवळ सोडूनच द्यायचा आणि शेवटच्या क्षणी सावरायचा. तीन आठवडे मी त्याला १८५ च्या वर जाऊ दिलं नाही. रोज एकच सूचना: बार ओढू नकोस, पायांनी जमीन खाली ढकल. छाती आणि ढुंगण एकाच वेळी वर. आणि खाली येताना मनात तीन आकडे मोज. त्याला ते अपमानास्पद वाटत होतं आणि तो तसं बोललाही. पुढच्या चाचणीत त्याने २९० उचलले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा जिने चढून माझ्या खोलीत आला.

खाली आणण्याकडे लक्ष द्या असं मुद्दाम सांगते, कारण चाचणीत तीन वेळा सलग उचलायचं असतं आणि बार आदळून चालत नाही. पाठी दुखावतात त्या पुष्कळदा खाली येताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी. उचलण्याआधी पोटात श्वास भरा, पोट चहूबाजूंनी पट्ट्यासारखं ताठ करा, आणि तो ताठपणा बार जमिनीला टेकेपर्यंत सोडू नका.

रोज जिमला जाऊ नका. डेडलिफ्ट आठवड्यातून दोनदाच. एक दिवस जड, तीन-तीनचे पाच सेट, आणि प्रत्येक सेट संपताना ‘अजून दोनदा उचलता आलं असतं’ असं मनापासून म्हणता आलं पाहिजे. दुसरा दिवस हलका, जड दिवसाच्या सत्तर टक्के वजनावर, पाच-पाचचे तीन सेट, फक्त वळण घोटायला. आठवड्याला पाच पाउंड वाढले तरी पुष्कळ आहेत. दर चौथ्या आठवड्यात वजन कमी करा, तुम्हाला गरज वाटत नसली तरीही. चाचणीएवढं सगळ्यात जड वजन चौदाव्या आठवड्यापर्यंत उचलून बघायचं नाही. हा मोह टाळणं सगळ्यात अवघड जातं, हे मला माहीत आहे. चाचणीच्या दिवशी पहिला प्रयत्न असा निवडा की तो झोपेतून उठून केला तरी होईल. तो नोंदला गेला की दुसऱ्या प्रयत्नात वर जाता येतं.

पुश-अपबद्दल एवढंच: प्रत्येक वेळी छाती जमिनीला टेकवून हात दोन्ही बाजूंना पूर्ण पसरायचे असल्यामुळे खालून दर वेळी मेलेल्या वजनासारखं उठावं लागतं. दोन मिनिटांत पहिल्याच अर्ध्या मिनिटाला उरकून घेऊ बघणारे मध्येच संपतात. सराव चाचणीसारखाच करा, आठवड्यातून तीनदा, थोडे थोडे, दमायच्या आधी थांबत. पळण्यात तुमची जमीन पक्की आहे. आठवड्यात एक लांब, गप्पा मारता येतील अशा वेगाचं पळणं आणि एक दिवस ८०० मीटरचे चार तुकडे, चाचणीच्या वेगापेक्षा थोडे जोरात. त्याहून जास्त पळालात तर पाय उचलण्यासाठी ताजे राहणार नाहीत. दोन मैल सगळ्यात शेवटी येतात हे विसरू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून एखाद्या शनिवारी टायर, कॅन आणि प्लँक उरकून मगच पळायला जा. पहिला अर्धा मैल पाय दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे वाटतील. ते चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा वाटू नये.

आता न्यायाचा प्रश्न. तो तुम्ही शेवटी, संकोचून विचारलाय, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९८० पासून चालत आलेल्या जुन्या चाचणीत पुश-अप, सिट-अप आणि दोन मैल एवढंच होतं. उपकरण काही लागत नव्हतं आणि वय व स्त्री-पुरुष पाहून वेगळे तक्ते होते. २०१८ मध्ये सहा प्रकारांची एसीएफटी ही नवी चाचणी जाहीर झाली, सगळ्यांना एकच निकष, आणि त्यात दांड्याला लोंबकळून गुडघे कोपरांपर्यंत आणायचा लेग टक होता. तळहातांची सालं निघेपर्यंत रात्री त्याचा सराव करणाऱ्या बायका माझ्याकडे पट्टी बांधायला यायच्या. मग काँग्रेसने स्वतंत्र अभ्यास मागवला, रँड संस्थेने तो केला, आणि २०२२ मध्ये लेग टक जाऊन प्लँक आला, तक्ते पुन्हा वेगळे झाले. १ जून २०२५ पासून एएफटी आली, मेडिसिन बॉल मागे फेकणं वगळलं गेलं, आणि २१ लढाऊ एमओएसना स्त्री-पुरुष भेद न करता ३५० चा निकष लागला. नियमित सैन्याला तो १ जानेवारी २०२६ पासून, रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डला १ जून २०२६ पासून.

इतक्या वेळा नियम बदलले की ‘आज मेहनत करू आणि उद्या परत बदलतील’ असं वाटणं साहजिक आहे. पण बघा, २०१८ पासून आजपर्यंत डेडलिफ्ट, हातसोड (खाली हात पसरायचे ते) पुश-अप, स्प्रिंट-ड्रॅग-कॅरी आणि दोन मैल हे चारही टिकून आहेत. त्यांच्यासाठी केलेलं काम वाया जाणार नाही.

माझं मत विचारलंत तर, सुरुंग उडवणाऱ्या आणि पूल बांधणाऱ्या पथकात जखमी सोबत्याला ओढताना त्याचं वजन ओढणाऱ्याला बघून कमी होत नाही, आणि लढाऊ कामाला एकच निकष असणं मला पटतं. मला अन्याय दिसतो तो दुसरीकडे. निकष एक केला, पण तयारीची संधी एक केली नाही. नियमित सैन्यातल्या सैनिकाला सकाळचा पीटीचा, म्हणजे व्यायामाचा, तास ड्युटीत मिळतो, हेक्स बार मिळतो, कोच मिळतो. तुम्ही तीच तयारी नोकरी सांभाळून, स्वतःच्या खर्चाने, टायर ओढत करता. हे तुमच्या वरिष्ठांना सांगायची तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही, आणि माझ्यासारख्यांनीही ते बोललं पाहिजे.

आणि ३५० नाहीच झाले तर? त्याचा अर्थ सरळ घरी, असा नाही. लढाऊ नसलेल्या कामांना ३०० गुण पुरतात, तेही तुमच्या वयाच्या, बायकांच्या तक्त्यावर, आणि तिथे दुसऱ्या एमओएसमध्ये बदलून घेण्याची वाट असते. तुम्ही लिहिलंय की इंजिनिअर हेच काम तुम्हाला हवंय. ते मी नीट वाचलंय, म्हणूनच एवढं लांब लिहिलं.

पुढच्या ड्रिल वीकेंडला सार्जंटला तीन गोष्टी विचारून या: चाचणी गवतावर होणार की कृत्रिम टर्फवर, युनिटची स्लेज आणि पट्टे एकदा ओढून बघायला मिळतील का, आणि हेक्स बारला कमी उंचीच्या मुठी आहेत की जास्त. आणि आठवडाभर कंबरेची नोंद ठेवा: सकाळी उठल्यावर बूट बांधायला वाकताना किती दुखतं, शून्य ते दहामध्ये. ते आकडे आणि डेडलिफ्टचा बाजूने काढलेला एक व्हिडिओ इथे टाका. जड दिवसाला किती पाउंडांवरून सुरुवात करायची ते मी तो बघूनच सांगेन.